फवारणीचे औषध माणसाला का लागते? चेतापेशींचे काम समजून घ्या

मुकुटबन परिसरात कपाशीवरील फवारणीचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो : ‘औषध अळीसाठी असते, मग ते माणसाला का लागते?’ याचे उत्तर चेतासंस्थेत आहे. सन 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे 20 शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती आणि फवारा अंगावर, तोंडावर येत होता. तो धोका दर हंगामात असतोच.

चेतापेशी निरोप कसा पोहोचवते?

मेंदू, मज्जारज्जू आणि शरीरभर पसरलेल्या चेता मिळून चेतासंस्था बनते. चेतापेशीला निरोप घेणाऱ्या आखूड फांद्या आणि निरोप पुढे नेणारा एक लांब तंतू असतो. या तंतूतून निरोप विजेच्या रूपात धावतो. पेशीच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे कण आत शिरतात आणि ही लाट पुढे सरकते.

एक चेतापेशी दुसरीला किंवा स्नायूला थेट चिकटलेली नसते. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. ही फट ओलांडण्यासाठी पेशी रसायन सोडते. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतांमध्ये हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते स्नायूवर पोहोचले की स्नायू आकुंचन पावतो.

निरोप पोहोचल्यावर तो पुसलाही गेला पाहिजे. हे काम कोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. त्याचा एक रेणू एका सेकंदात ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. त्यामुळेच हात उचलला तर लगेच खालीही घेता येतो.

कीटकनाशक नेमके कुठे घाव घालते?

- ऑर्गॅनोफॉस्फेट (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट) : कोलिनेस्टरेजला घट्ट चिकटून त्याला निकामी करते. ॲसिटिलकोलीन साचत जाते. निरोप थांबतच नाही.
- कार्बामेट : याच विकराला अडवते, पण ही पकड काही तासांत सुटते.
- पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिन) : सोडियमची दारे बंद होऊ देत नाही.
- निओनिकोटिनॉइड (इमिडाक्लोप्रिड) : ॲसिटिलकोलीनच्या जागेवर जाऊन बसते. किडीवर त्याचा परिणाम माणसापेक्षा बराच जास्त होतो.

अळीच्या आणि माणसाच्या चेतापेशी एकाच तत्त्वावर चालतात. म्हणूनच औषध दोघांनाही लागते.

‘काल तर काहीच झाले नाही’

हा सर्वांत घातक गैरसमज आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटने निकामी झालेले विकर शरीर हळूहळू भरून काढते. रक्तातील तांबड्या पेशींमध्ये ते दिवसाला साधारण 1 टक्का या गतीने पूर्ववत होते. मजूर रोज वेगवेगळ्या शेतांत फवारत असेल, तर कालची तूट भरण्याआधी आजची भर पडते. पहिले काही दिवस त्रास जाणवत नाही. मग एके दिवशी तेवढ्याच फवारणीने माणूस खाली बसतो. एकाच मजुराकडून सलग अनेक दिवस फवारणी करून घेऊ नये, ती याचसाठी.

हे विष केवळ तोंडावाटे नव्हे, तर कातडीतूनही शरीरात जाते. घामाने भिजलेले अंग, गळका पंप आणि ओले कपडे यांमुळे ते जास्त शोषले जाते.

लक्षणे ओळखा

डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, बाहुल्या बारीक होणे, लाळ, अश्रू व घाम सुटणे, मळमळ, उलटी, जुलाब, स्नायू फडफडणे, छाती भरून येणे. श्वासाचे स्नायू थकले की जीव धोक्यात येतो.

त्रास झाल्यास

1. फवारणी लगेच थांबवून रुग्णाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे.
2. हातमोजे घालून त्याचे कपडे काढावेत, अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे.
3. शुद्ध हरपत असल्यास कुशीवर झोपवावे. उलटी करवू नये. दूध, तूप किंवा दारू देऊ नये.
4. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुकुटबनहून यवतमाळ लांब आहे, त्यामुळे आधी जवळच्या आरोग्य केंद्रात उपचार सुरू करावेत.
5. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्यावे. ॲट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्सिम डॉक्टर विषाचा प्रकार पाहून देतात. उशीर झाला की विकरावरील पकड पक्की होते आणि प्रॅलिडॉक्सिमचा उपयोग कमी होतो. काही कीटकनाशकांवर असा उतारा नाही, म्हणून लेबल महत्त्वाचे.

फवारणीपूर्वी

- लेबलवरील मात्राच वापरावी. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नयेत.
- पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, मास्क आणि बूट वापरावेत. गळका पंप आधी दुरुस्त करावा.
- सकाळी किंवा सायंकाळी, वाऱ्याच्या दिशेने फवारावे. भर उन्हात टाळावे.
- पऱ्हाटी डोक्यावर गेली असेल, तर फवारा अंगावर येणार हे गृहीत धरावे. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली असल्यास फवारणी टाळावी.
- फवारणी करताना तंबाखू, बिडी किंवा खाणे नको. काम संपल्यावर आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत.

कृषी सहायक आणि कृषी मित्रांनी हंगामाच्या सुरुवातीला ही माहिती शेतमालकाबरोबरच पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरापर्यंतही पोहोचवावी. फवारा सर्वांत आधी त्याच्याच अंगावर येतो.