वडाचं बोन्साय: पाणी जिरवा, पण अडवू नका!

राळेगणसिद्धी म्हटलं की आधी पाणीच आठवतं. पारनेर तालुक्यातल्या या कमी पावसाच्या गावाने १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणी अडवलं, जिरवलं आणि विहिरी भरल्या. अशा कोरड्या भागात वड, पिंपळ किंवा उंबराचं बोन्साय करायचं, तर त्यातलं अर्धंच सूत्र घ्या. कुंडीत पाणी जिरलं पाहिजे, अडता कामा नये.

कारण सोपं आहे. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पानं गळतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून आपण आणखी पाणी ओततो. बरीच बोन्साय अशीच मरतात!

मग काय करायचं?

माती: जाड वाळू, विटेचे बारीक तुकडे आणि कुजलेलं शेणखत मिसळा. कुंडीला तळाशी छिद्रं हवीतच.

पाणी: रोजची वेळ ठरवू नका. मातीत काडी खुपसून बघा. ओली निघाली तर थांबा. उन्हाळ्यात मात्र उथळ कुंडी एका दिवसातही सुकते.

ऊन: ही उन्हातली झाडं आहेत, दिवाणखान्यात कायम ठेवू नका.

छाटणी: फांदी कापल्यावर पांढरा चीक येतो. ओल्या फडक्याने पुसा, डोळ्यांना हात लावू नका.

कुंडी बदलणे: दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्याच्या सुरुवातीला. तेव्हा हवा दमट असते, त्यामुळे कापलेली मुळं लवकर सावरतात.

आणि रोप विकत आणायलाच हवं असं नाही. जुन्या भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ बघा, त्याला थोड्या मातीची सवय आधीच असते.