दाखल्यावरचे वय आणि अंगातले वय

आपल्या घरातल्या आजी-आजोबांचे कागद एकदा काढून पाहा. कित्येकांची जन्मतारीख 1 जून सापडेल. त्या काळी जन्माची नोंद कोण करणार? शाळेत नाव घालताना मास्तर पोराकडे पाहून अंदाजाने साल टाकीत आणि तारीख शाळेच्या सोयीची लिहीत. ज्यांनी शाळेची पायरीच चढली नाही, त्यांचे वय मतदार यादी करणाऱ्याने ठरवले. बैल घेताना मात्र आपण दाखला मागत नाही. तोंड उघडून दात पाहतो. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, हे शेतकरी लगेच सांगतो. माणसाचे शरीरही असाच आपला हिशेब ठेवत असते. तो वाचता आला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे बरेच हाल टळतील.

शरीरात काय बदलते?

सुरुवात डोळ्यापासून होते. डोळ्यातले भिंग तरुणपणी लवचिक असते. चाळिशीच्या सुमारास ते कडक होऊ लागते, जवळचे दिसेनासे होते आणि सुईत दोरा ओवायला नातवंडाला हाक मारावी लागते. म्हणून तर आपल्या भाषेत त्या चष्म्याचे नावच 'चाळिशी' पडले.

कानाच्या आतल्या भागात आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच आवाज आधी जातात. त्यामुळे स, श, फ, त ही अक्षरे निसटतात. बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाही. आजोबांच्या कानाशी ओरडण्यापेक्षा समोर बसून सावकाश बोलावे, ते याच कारणाने.

हाडांची भरणी साधारण तिशीपर्यंत होते. पुढे खर्च जास्त, जमा कमी. पाळी थांबल्यावर बायकांच्या हाडांची झीज काही वर्षे फार वेगाने होते. मणक्यांमधल्या चकत्या चपट्या होतात आणि उंची थोडी उतरते. रक्तवाहिन्या ताठर होतात, रक्तदाब वाढू लागतो. झोप सावध होते.

हे का घडते? 1961 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवले की माणसाच्या शरीरातील साध्या पेशी प्रयोगशाळेत सुमारे पन्नास वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. म्हणजे दुरुस्ती करणारे कामगारच हळूहळू थकतात. याशिवाय इतरही कारणे आहेत. पण नशीब किंवा मागच्या जन्मीचे पाप यांचा त्यात काही संबंध नाही.

कामाचा ठसा

सर्वांची शरीरे सारख्या वेगाने म्हातारी होत नाहीत. आपल्या होटगी जंक्शनवर विजापूरकडची मीटरगेज आणि सोलापूरची ब्रॉडगेज वेगळी होती, तेव्हा एका गाडीतले पोते दुसऱ्या गाडीत हमालाच्या पाठीवरून जाई. असे ओझे उचललेले गुडघे खुर्चीवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांआधी बोलू लागतात. सोलापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षे काढलेल्यांचे कान लवकर जातात. विड्या वळणाऱ्या आयाबहिणींची मान, पाठ आणि बोटे आखडतात. उन्हातल्या कामाने कातडी लवकर सुरकुतते. ऊन आणि चुलीचा धूर यांमुळे मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. दाखल्यावर पन्नास आणि अंगात पासष्ट, अशी माणसे आपल्या वस्तीत घरोघर आहेत.

वय कोणते, आजार कोणता?

खरी अडचण इथे आहे. आजी म्हणते, "वय झालं, चालायचंच." मुलगाही तेच म्हणतो. त्या एका वाक्याखाली बरे होणारे आजार दडून राहतात.

चाळिशी लागणे हे वय आहे, पण डोळ्यापुढे धुके येणे हा मोतीबिंदू असू शकतो. छोट्या शस्त्रक्रियेने तो निघतो. सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते. ओळखीचे नाव पटकन न आठवणे हे वय आहे, पण घरची वाट चुकणे हा आजार आहे. थायरॉईड बिघडल्याने किंवा बी-12 जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसरभोळेपणा येतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. चालणे सावकाश होणे हे वय, पण दोन पावलांत धाप लागली तर रक्त कमी आहे का, हृदय ठीक आहे का, हे तपासलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी येतो. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तरी म्हातारा माणूस "तहान नाही" म्हणतो. तो खोटे बोलत नाही. त्याचे शरीरच त्याला सांगत नाही. म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता ते हातात द्यावे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाणी किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

गेलेली ताकद परत येते

तिशीनंतर स्नायू कमी होत जातात. ते थांबवता येत नाही, पण बराच काळ रोखता येते. 1990 साली बोस्टन येथे 86 ते 96 वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली! आपल्या घरी यंत्रे नकोत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, रोज चालणे आणि ताटात डाळ, मटकी, अंडे एवढे पुरे. पाय भक्कम असतील तर पडणे टळते. खुब्याचे हाड मोडले की चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. न्हाणीत रात्री दिवा ठेवा, शेवाळ घासून काढा.

म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस प्रथमच पाहून सिद्धार्थाने घर सोडले, अशी कथा सांगितली जाते. बाबासाहेबांनी आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत ती बुद्धीला न पटणारी ठरवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नसेल, हे कसे शक्य आहे? आपणही रोज पाहतो. पण नीट पाहतो का, एवढाच प्रश्न आहे.

2024 साली राज्य शासनाने 65 वर्षे व त्यावरील गरजूंसाठी चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांकरिता तीन हजार रुपयांची वयोश्री योजना आणली. तिचे चालू नियम समाजकल्याण कार्यालयात विचारावेत. आणि येत्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत. दारातून समोरच्या घराचे दार स्पष्ट दिसते का? पाठीमागून हाक मारली तर ऐकू येते का? गेल्या वर्षात पडलात का? एकाही उत्तराने शंका आली, तर "चालायचंच" म्हणू नका. सोमवारी अर्धा दिवस रजा टाका आणि त्यांना सोलापूरच्या सिव्हिलला घेऊन जा.