सार्वजनिक मोकळी जागा आणि घरामागील बाग

वाढत्या वस्तीच्या गावांत एक दृश्य वारंवार आढळते. कुटुंब वाढते, खोल्या अपुऱ्या पडतात आणि घरमालक मागच्या अंगणात एक-दोन खोल्या बांधतो. अंगण संपते, परंतु तुळस, कढीपत्ता आणि पपईची हौस संपत नाही. घरालगतच सार्वजनिक मोकळी जागा असते. प्रथम तेथे चार रोपे लावली जातात. मग शेळ्यांपासून रक्षण म्हणून काटेरी तारेचे कुंपण येते. पुढे तारेच्या जागी विटांची भिंत उभी राहते. जागा हिरवी दिसत असल्याने कोणी हरकत घेत नाही. घराने अंगण व्यापले आणि अंगणाने गावाची जागा व्यापली, हे ध्यानात येईपर्यंत अनेक वर्षे लोटलेली असतात.

नुकसान कोणते?

‘जागा पडीकच होती, आम्ही तिच्यावर झाडे वाढविली, यात बिघडले काय?’ असा युक्तिवाद केला जातो. तो वरवर पटण्यासारखा आहे. परंतु सार्वजनिक जागेत कोणासही मुक्तपणे जाता येते, हाच तिचा खरा उपयोग होय. तेथे मुले खेळतात, वृद्ध बसतात, लग्नाचा मांडव पडतो, पावसाचे पाणी मुरते. कुंपण पडताच हे सर्व थांबते.

राज्यात २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. म्हणजे एक हेक्टरच्या ले-आउटमध्ये १,००० चौरस मीटर. समजा, या जागेलगतच्या दहा घरांनी प्रत्येकी १२ मीटर लांब आणि केवळ ३ मीटर रुंद पट्टा आपल्या बागेत घेतला, तर ३६० चौरस मीटर, म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक जागा नाहीशी होते. उरलेल्या जागेत मुलांचा खोखोचा डावही धड मांडता येत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ अन्वये सार्वजनिक रस्त्यावर वा मोकळ्या जागेवर घातलेले कुंपण, भिंत, ओटा यांसारखे अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार पंचायतीस आहे. जागा शासनाची असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची वा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. गायरान, उद्यान, बाजार अशा कामांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली राखून ठेवलेल्या जमिनीचा अन्य वापर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीविना करता येत नाही. पंचायतीची स्थावर मालमत्ता केवळ मासिक सभेत ठराव करून कोणास विकताही येत नाही. त्यास जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. तसेच, नमुना ८ मध्ये नोंद होऊन कर आकारला गेला, एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही.

सदस्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी तरतूद कलम १४(१)(ज-३) ची आहे. शासकीय जमिनीवर वा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती पंचायत सदस्य म्हणून अपात्र ठरते. मूळ अतिक्रमण कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी केलेले असले, तरी त्याचा लाभ घेत राहणाऱ्या सदस्यासही ही अपात्रता लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिला.

त्यापूर्वी १९९१ मध्ये बंगळूर येथे उद्यानासाठी राखीव भूखंड खाजगी शुश्रूषागृहास दिल्याचे प्रकरण न्यायालयापुढे आले. रहिवाशांनी दाद मागितली आणि ते वाटप रद्द ठरले. २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात, दीर्घकाळचा ताबा किंवा बांधकामावर झालेला खर्च हे गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमण नियमित करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांसारख्यांना दिलेले पट्टे मात्र अपवाद म्हणून मानले. निवाऱ्याची निकड आणि बागेची हौस यांतील हा भेद पंचायतीनेही सांभाळला पाहिजे.

पंचायतीने काय करावे?

तंटा उद्भवण्यापूर्वीच उपाय योजणे सोपे असते. प्रत्येक मोकळ्या जागेची भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड बसवावेत आणि मालमत्तेच्या नोंदवहीत क्षेत्रफळासह नोंद ठेवावी. घरवाढीचा अर्ज येताच जागेवर जाऊन हद्द पाहावी. रोपे लावली असतानाच समज दिल्यास प्रकरण चार शब्दांत मिटते; भिंत उभी राहिल्यावर तेच नोटीस, अपील आणि वैमनस्य यांत अडकते. कारवाई सरपंचाच्या आप्तापासून सुरू झाली, तर इतरांना पक्षपाताचा आरोप करता येत नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील मोकळ्या जागांचा नकाशा काढून घ्यावा. आपल्या खेळाचे मैदान किती मीटरचे आहे, हे मुलांना ठाऊक असले की त्याची राखण आपोआप होते.

ज्यांना झाडांची आवड आहे, त्यांचा उत्साह वाया जाऊ देऊ नये. पंचायतीच्या संमतीने त्यांनी त्याच जागेत कडुनिंब, करंज, वड अवश्य लावावेत व त्यांना पाणी घालावे. मात्र कुंपण फक्त रोपापुरते असावे, जागेभोवती नसावे. तशा झाडाची सावली साऱ्या गावाला मिळेल आणि लावणाऱ्याचे नावही गाव विसरणार नाही.