रस्त्यावरील फलक आणि साहित्यिकाचे चित्र

साहित्यिकाचा सन्मान रस्त्यावरील फलकाने करावयाचा म्हटले म्हणजे चित्रकारापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : चित्र माणसाचे काढावयाचे की त्याच्या लेखनाचे? पुढाऱ्याच्या फलकास हा पेच पडत नाही. त्याची कीर्ती चेहऱ्याशी जोडलेली असते. लेखकाचा मोठेपणा मात्र त्याच्या शब्दांत असतो, आणि शब्दांना चेहरा नसतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न दरवर्षी १ ऑगस्टला, अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीस, उपस्थित होतो. त्या दिवशी वस्त्यावस्त्यांतून त्यांच्या मुद्रेचे फलक उभे राहतात. वाटेगावी १९२० साली मातंग समाजात जन्मलेल्या या लेखकास शालेय शिक्षण जवळजवळ लाभले नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून त्यांनी विपुल कथा-कादंबऱ्या लिहिल्या. १९६९ साली त्यांचे निधन झाले. प्रतिष्ठित समीक्षेने त्यांची दखल उशिरा आणि हात राखूनच घेतली; रस्त्याने मात्र त्यांना कधीच विसरू दिले नाही. फलकाचे सांस्कृतिक महत्त्व ते हेच होय.

परंतु फलकावर त्यांचा उल्लेख बहुधा 'लोकशाहीर' असा असतो. तो यथार्थच आहे. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले होते. तथापि, १९५९ साली प्रसिद्ध झालेली व डॉ. आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केलेली 'फकिरा' ही कादंबरी फलकावर क्वचितच दिसते. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा तिचा नायक चित्रकाराला केवढा विषय पुरवू शकेल! मुद्रा राहते, ग्रंथ गळतो. आणि पूज्य झालेला लेखक न वाचताही वंदनीय ठरतो.

या संदर्भात शिकागोतील एक उदाहरण उद्बोधक आहे. १९६७ साली तेथील कृष्णवर्णीय चित्रकारांनी आपल्याच वस्तीतील एका जीर्ण इमारतीवर 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' नावाचे भित्तिचित्र रंगविले. वादक, खेळाडू, लोकनेते यांच्याबरोबरच साहित्यिकांसाठीही त्यात स्वतंत्र विभाग होता, आणि त्याच शहराच्या कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांना तेथे स्थान मिळाले. ब्रुक्स यांनी त्या भिंतीवर कविताही लिहिली. अर्थात, चित्राने कवयित्रीला गौरविले आणि कवितेने चित्राला. ती इमारत पुढे काही वर्षांतच नाहीशी झाली, कविता उरली.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची चळवळ मराठी दलित लेखकांना अपरिचित नव्हती. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तेथील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले. तेव्हा हा संबंध केवळ तुलनेचा नाही, तो इतिहासाचाही आहे.

यावरून चित्रकारासाठी एक साधे सूत्र निघते. मुद्रा ठसठशीत असावी, कारण फलक चालत्या माणसाने क्षणभरच पाहावयाचा असतो. पण मुद्रेमागे कलाकृतीतील एखादा प्रसंग असावा आणि नावाखाली बिरुदांच्या ओळींऐवजी पुस्तकाचे नाव व साल असावे. फलक काही दिवसांत उतरतो. तो उतरल्यावर एखाद्या वाटसरूच्या हाती 'फकिरा' आली, तरच तो सन्मान लेखकाचा झाला असे म्हणता येईल.