मेणबत्ती मोर्चा म्हणजे काय?



मोर्चा म्हटला की झेंडे आले, घोषणा आल्या. पण एक मोर्चा मुक्यानेच निघतो. अंधार पडला की माणसे हातात एकेक पेटती मेणबत्ती घेऊन रांगेने चालतात, नाहीतर एका जागी उभी राहतात. कोणी ओरडत नाही. याला मेणबत्ती मोर्चा म्हणतात. औषध, डॉक्टर, दवाखाना सर्वांना मिळावा म्हणूनसुद्धा असे मोर्चे निघतात.

आमची आजी म्हणाली, "मेनबत्तीनं का ताप उतरतो?" ताप उतरत नाही हे खरे. पण जे मेले त्यांची आठवण होते. आजारी माणसाला वाटते, आपण एकटे नाही. आणि एक मेणबत्ती कोणाला दिसत नसली तरी दोनशे मेणबत्त्या लांबून दिसतात. मग साहेबलोक विचारतात, काय झालं?

बाईंनी एक गोष्ट सांगितली. १९८३ साली एड्स हा रोग नवा होता. त्यावर औषध नव्हते. लोक रोग्यांना शिवायलाही घाबरत. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या सॅनफ्रान्सिस्को शहरात रोगी आणि त्यांचे सोबती मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. पुढे दर मे महिन्यात पुष्कळ देशांत अशा मेणबत्त्या लागू लागल्या. नंतर औषधे निघाली, पण ती फार महाग होती. रोग्यांच्या संघटनांनी सरकारकडे पुन्हा पुन्हा मागणी केली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात ही औषधे सरकारी दवाखान्यांत फुकट मिळू लागली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या काही केंद्रांपैकी एक होते.

आता आपल्याकडचे पाहू. सरकारी नियमाप्रमाणे डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिजे. १०८ नंबरला फोन केला की गाडी फुकट येते. पण कर्जत-खालापूरच्या डोंगरात काही ठाकरवाड्या, कातकरवाड्यांना धड रस्ता नाही. गाडी खालीच थांबते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदत करणारी माणसे पावसात पायीच डोंगर चढली. यंत्रे वर नेता आली नाहीत.

आमच्या शेजारच्या वाडीतली एक काकी बाळंतपणासाठी रात्री झोळीतून खाली आणली. चौघे झोळी धरून आणि दोघे पुढे बॅटरी दाखवत. काकी आणि बाळ वाचले. पण पावसात पाय घसरला असता तर?

म्हणून नुसती मेणबत्ती लावून भागत नाही. दुसऱ्या दिवशी अर्जही द्यावा लागतो. त्यात वाडीचे नाव, घरे किती, रस्ता कुठे संपतो, हे लिहावे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तिथे सर्वांना बोलता येते.

आमचे हे वाचणाऱ्या पालकांनी येत्या ग्रामसभेत वाडीच्या रस्त्याचे जरूर विचारावे, ही नम्र विनंती.

— इयत्ता ४ थी