भाईंदर–उत्तन रस्ता : मिठागर, भात आणि बोंबील

भाईंदर पश्चिमेची दाटी संपली की हा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं घेत उत्तनला समुद्राशी जातो. पुढे चौक गाव, तिथल्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. वसईच्या खाडीवर नजर ठेवणारी ही जागा 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, मराठ्यांकडे आली.

खाडीच्या बाजूला मिठागरं, गावांलगत पावसावरची भातशेती, उत्तनला वाळत घातलेले बोंबील. आगरी, कोळी आणि पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती वस्ती या एकाच रस्त्यावर नांदते. 1990 मध्ये ही गावं पालिका हद्दीत आली. कागदावर शहर झाली, एवढंच!

मेट्रो 9 ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्व्यात ठरली होती. गावकऱ्यांनी घरं-जमिनींसाठी विरोध केला, म्हणून ती डोंगरीला सरकली. तिथे मग झाडांचा प्रश्न उभा राहिला. कारशेड कुठेही नेली तरी रस्ता हाच.