मोटारीचें ‘गॅस्केट उडतें’ तेव्हां

वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी अजून वापरांत ठेवणारीं कुटुंबें पुण्यामुंबईकडे आढळतात. या जातीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तरी घरच्या गाडीवरची माया त्यामुळें आटत नाहीं. अशी एखादी गाडी मुंबईहून येतांना बोरघाटांत एकाएकीं तापते, बॉनेटखालून वाफ उसळते, आणि वाटेंतला मिस्त्री दुरूनच निकाल देतो, ‘हेड गॅस्केट उडालें.’ हे शब्द ऐकतांच मालकाच्या पोटांत गोळा उठतो. कारण या दुरुस्तीसाठीं इंजिन अर्धेंअधिक उघडावें लागतें, आणि उघडलेल्या इंजिनाचें बिल कोठें जाऊन थांबेल हें कोणासच आधीं सांगतां येत नाहीं.

हें गॅस्केट म्हणजे काय, तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. पद्मिनीच्या इंजिनांत खालीं बिडाचा ठोकळा असतो. त्यांतील चार सिलिंडरांत चार दट्टे खालींवर होतात. ठोकळ्यावर ॲल्युमिनियमचें जड झांकण बसवितात, तें हेड. या दोहोंमधील पातळ थर म्हणजे गॅस्केट. सिलिंडरांतील जळता वायु, त्याभोंवतीं खेळणारें पाणी आणि वंगणाचें तेल, या तिघांस एकमेकांच्या वाटेस जाऊं न देणें हें त्याचें काम. प्रेशर कुकरचें रबरी कडें हेंच काम करतें. मात्र कुकरांतील दाब बाहेरच्या हवेच्या दुपटीच्या आसपास असतो, तर सिलिंडरांत तो क्षणभर तीसचाळीस पटींवर जातो आणि ज्वालेची उष्णता दोन हजार अंशांवर.

आतां एक मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा दांडा शंभर अंशांनीं तापविला तर तो सुमारें २.३ मिलिमीटर वाढतो. तेवढाच बिडाचा दांडा सुमारें १.१ मिलिमीटर. म्हणजे हेड आणि ठोकळा एकत्र आवळलेले असले तरी तापतांना त्यांची चाल सारखी नसते. नेहमींची उष्णता गॅस्केट वर्षानुवर्षें सोसतें. परंतु इंजिन बेसुमार तापलें म्हणजे हेडास बांक येतो, त्याची पकड सुटते आणि मधला पातळ थर जळतो. सारांश, गॅस्केट हें बहुधा गुन्हेगार नसून बळी असतें. गाळानें बुजलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, सैल झालेला पंख्याचा पट्टा किंवा गळका पाण्याचा पंप यांपैकीं कोणीतरी आधीं घात केलेला असतो. आणि कित्येकदां यांपैकीं एखादाच दोष असून गॅस्केट शाबूत असतें! म्हणून तपासणीवांचून हेड उघडूं देणें म्हणजे ताप आला कीं पोट फाडण्यासारखें आहे.

लक्षणें फसवीं असतात. थंड सकाळीं धुराड्यांतून थोडी वाफ निघणें स्वाभाविक आहे. इंजिन पुरतें तापल्यावरहि दाट पांढरा धूर चालूच राहिला आणि गळती कोठें न दिसतां पाणी कमी होत गेलें, तर संशयास जागा आहे. तेलाच्या झांकणाखालीं सायीसारखा थर दिसला कीं लोक घाबरतात. पण गाडी रोज मैलभरच फिरत असेल तर तो नुसत्या दमटपणानेंहि धरतो. तेलाच्या कांडीवरचें तेलच दुधाळ झालें असेल, तर मात्र गाडी चालवूं नये. थंड इंजिन सुरू करतांच रेडिएटरची वरची नळी लगेच टणक होणें, किंवा रेडिएटरांत एकसारखे बुडबुडे येणें, हेंहि बोलकें लक्षण होय.

निश्चिती परीक्षेनेंच होते. चारी सिलिंडरांचा दाब मोजला असतां शेजारच्या दोघांचा एकदम कमी भरला, तर त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याचा संभव मोठा. दुसरी परीक्षा अधिक सुबक आहे: चालू इंजिनाच्या रेडिएटरांतील हवा एका निळ्या द्रवांतून ओढतात, जळालेला वायु पाण्यांत शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. या परीक्षेस फारसा वेळ लागत नाहीं, आणि तिची मजुरी देणें हा या प्रकरणांतील सर्वांत शहाणपणाचा खर्च.

खर्चाचें गणित असें, कीं खुद्द गॅस्केट ही बिलांतील किरकोळ रकमांपैकीं एक असते. पैसा जातो मजुरींत आणि हेडाच्या दुरुस्तींत. हेड काढल्यावर त्यावर सरळ पट्टी धरून खालच्या फटी पातळ पात्यांनीं मोजाव्या लागतात. बांक असेल तर लेथवाल्याकडे फेसिंग करावें लागतें, आणि तडा गेला आहे काय तेंहि तपासावें लागतें. हा भाग वगळून कोणी स्वस्तांत काम करून देतो, तेव्हां तेंच गॅस्केट पुनः उडण्याची तयारी होत असते. म्हणून अंदाज दोन टप्प्यांत लिहून घ्यावा: हेड उघडण्यापर्यंतचा, आणि हेड सरळ, वांकडें किंवा तडकलेलें निघाल्यास पुढचा. तडा निघाला, तर काम तेथेंच थांबवून गाडी मोडींत द्यावी काय, याचा विचार घरांत आधींच झालेला बरा. सुट्या झालेल्या इंजिनासमोर उभें राहून तो नीट होत नाहीं. बाटलींतून ओतावयाचीं ‘गळती थांबविणारीं’ औषधें चार दिवस निभावून नेतात, पण तीं रेडिएटरहि बुजवितात.

जुन्या बनावटीच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असे. तें कोरडें खरवडून फुंकर मारण्याची संवय मिस्त्र्याच्याच फुप्फुसांस घातक आहे. हेडाचे बोल्ट मधून कडेकडे, दोनतीन फेऱ्यांत, माप दाखविणाऱ्या पान्यानेंच आवळले पाहिजेत. थर्मोस्टॅट, नळ्या, तेल आणि पाणी त्याच वेळीं नवें घालावें, आणि काढलेलें गॅस्केट मागून घ्यावें. तें कोठें जळलें आहे, हें त्यावरील काळ्या डागावरून दिसतें. पुढें पंधरावीस दिवस सकाळीं, इंजिन थंड असतां, पाण्याची पातळी पाहावी. ती रोज बोटभर उतरूं लागली, तर तें जुनें गॅस्केट बरोबर घेऊन गाडी त्याच मिस्त्र्याकडे न्यावी.